रोशा गवताच्या तेलाला दर हंगामात येणारा करपट वास : कारणे, तपासणी आणि भट्टीवरची काळजी

सातपुड्याच्या उतारांवर वाढणाऱ्या रोशा गवताचे तेल लहान भट्टीवर काढणाऱ्यांची एक तक्रार दर हंगामात जवळजवळ ठरलेल्या वेळी येते. ऑक्टोबरात गवत फुलोऱ्यात असताना काढलेल्या पहिल्या खेपांचे तेल फिकट पिवळे आणि गुलाबाची आठवण करून देणाऱ्या गोड वासाचे असते. नोव्हेंबर सरता सरता मात्र त्याच डेगीतून, म्हणजे वाफेने तेल काढण्याच्या मोठ्या भांड्यातून, त्याच माणसांच्या हातून, त्याच डोंगरावरच्या गवताचे तेल गडद आणि करपट येऊ लागते. व्यापारी बाटलीचे बूच उघडून नाकाजवळ नेतो आणि काही न बोलता भाव पाडतो. मग डेग राखेने घासली जाते, वाफ थंड करणारी नळी गरम पाण्याने धुतली जाते, दोन खेपा बऱ्या निघतात आणि तिसऱ्या खेपेला तोच वास परत येतो. मीही दोन हंगाम डेग घासण्यातच घालवले. दोष डेगीच्या स्वच्छतेत नसून डेगीत शिल्लक राहणाऱ्या पाण्याच्या हिशेबात आहे, हे मला फार उशिरा उमगले.

पुढील विवेचन तळाशी पाणी, त्यावर जाळी, जाळीवर गवत आणि खाली लाकडाची आच अशा साध्या डेगीबद्दल आहे. वेगळा बॉयलर असलेल्या संयंत्रात तळ कोरडा पडण्याचा हा प्रश्न सहसा येत नाही. तिथले धोके वेगळे असतात आणि त्यांचे नियमही वेगळे असतात.

वास नेमका कोणता आहे?

डेगीतून नुकत्याच निघालेल्या प्रत्येक तेलाला एक उग्र, शिजवलेल्या पाल्यासारखा वास असतो. तो गंधकयुक्त हलक्या द्रव्यांचा असतो आणि बाटली स्वच्छ कापड बांधून सावलीत दोन-चार दिवस ठेवली की उडून जातो. त्याला करपट समजून तेल फेकून देऊ नये. आंबूस वास येत असेल, तर कापलेले ओले गवत ढिगात दाबून ठेवल्याने ते आतून तापले आणि कुजू लागले असे समजावे. ढिगात कोपरापर्यंत हात घातला की ऊब लगेच कळते. खरा करपट वास धुरकट आणि कडवट असतो, तो दिवसांनी कमी होत नाही आणि कागदाला लावलेला थेंब वाळल्यावरही मागे राहतो.

हा खरा करपट वास खेपेच्या कोणत्या तासाला येतो, हे पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. त्यासाठी संपूर्ण खेपेचे तेल एकाच भांड्यात न साठवता दर तासाचे तेल वेगळ्या काचेच्या बाटलीत काढावे आणि बाटलीवर तास लिहावा. पहिल्याच बाटलीला वास असेल, तर मागील खेपेचा गाळ तळाशी चिकटलेला आहे आणि तिथे घासणे हाच उपाय आहे. सर्व बाटल्यांना सारखाच वास असेल, तर ज्वाळा डेगीच्या बाजूंवर पाण्याच्या पातळीच्या वर चढत आहेत. पहिल्या दोन बाटल्या चांगल्या आणि शेवटची खराब असेल, तर तळ कोरडा पडला आहे. मी पाहिलेल्या बहुतेक भट्ट्यांवर हा तिसरा प्रकार आढळतो. बाटल्या वेगळ्या ठेवण्याचा दुसरा लाभ असा की शेवटच्या तासाचे थोडेसे तेल आधीच्या चांगल्या तेलाची किंमत घालवत नाही.

डेग तांब्याची आणि आतून कल्हई केलेली असेल, तर ती स्वतःच साक्ष देते. पाणी असेपर्यंत तळ १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही, आणि कल्हईचे कथील २३२ अंशांना वितळते. डेग रिकामी केल्यावर तळाशी कथलाचे चमकदार गोळे किंवा ओघळ दिसले, तर तिथे पाणी नव्हते हे निश्चित समजावे.

पाण्याचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. डेगीचा व्यास ८० सेंटिमीटर आहे आणि जाळी तळापासून २५ सेंटिमीटर उंचीवर आहे. अशा डेगीत एक सेंटिमीटर उंचीला सुमारे ५ लिटर पाणी मावते. उकळणारे पाणी उडून गवताला लागू नये म्हणून जाळीखाली १० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी लागते. म्हणजे पाणी १५ सेंटिमीटर, अर्थात ७५ लिटर भरता येते. तळाशी किमान ५ सेंटिमीटर पाणी शेवटपर्यंत राहिलेच पाहिजे, म्हणून २५ लिटर वजा करावे. प्रत्यक्ष वाफेसाठी उरतात ते ५० लिटर. भट्टीतून तासाला १५ लिटर पाणी थंड होऊन बाहेर पडत असेल, तर ही पुंजी ३ तास २० मिनिटांत संपते.

ऑक्टोबरात एवढा वेळ पुरतो. गवत ओले असते, तेल कणसांत आणि पानांत भरपूर असते, आणि सुमारे ८० किलो ताज्या गवतातून ०.४ ते ०.५ टक्के, म्हणजे ३२० ते ४०० ग्रॅम तेल तीन तासांच्या आत येऊन जाते. डेगीच्या भिंतींवर थंड होणारी वाफ ओल्या गवतातून ठिबकत पुन्हा तळाशी येते. नोव्हेंबरअखेरीस गवत उभ्यानेच वाळलेले असते, आणि मग दोन गोष्टी एकदम बदलतात. भिंतींवर थंड झालेले पाणी वाळलेले गवत स्वतःत मुरवून घेते, ते तळाशी परतत नाही. शिवाय तेल पेशींतून बाहेर पडायला ओलावा लागतो, त्यामुळे वाळलेल्या गवतातून ते सावकाश येते आणि खेप चार-चार तास चालवावी लागते. वरील डेगीत गवताने १० लिटर पाणी अडवून ठेवले, तर पुंजी ४० लिटरवर येते. घाई म्हणून आच वाढवून तासाला २० लिटर पाणी काढले, तर तळ दोन तासांतच धोक्याच्या पातळीला पोहोचतो. उरलेले २५ लिटरही त्यानंतर सव्वा तासात संपतात. तिथून पुढे आपण तेल काढत नसतो, जाळीतून खाली पडलेला गवताचा चुरा भाजत असतो.

यावरचा उपाय साधा आहे. बाहेर पडणारे पाणी मोजावे. तेल आणि पाणी वेगळे करणाऱ्या विभाजक भांड्यात तेल वर तरंगते, कारण रोशाच्या तेलाची घनता ०.८८ ते ०.८९ इतकी असते. खालच्या तोटीतून निघणारे पाणी २० लिटरच्या खुणा केलेल्या बादलीत धरावे आणि दर अर्ध्या तासाचा आकडा पाटीवर लिहावा. डेगीला काचेची पातळीदर्शक नळी नसली तरी ही बादली तेच काम करते. आपल्या डेगीचा हिशेब आधी करून ठेवावा आणि बाहेर पडलेले पाणी ठरलेल्या मर्यादेला पोहोचले की तेल कितीही येत असले तरी आच काढावी. वाळलेल्या गवतासाठी ही मर्यादा १० लिटरने कमी धरावी.

बाहेर पडलेले पाणी फेकून देण्याऐवजी डेगीत परत सोडण्याची सोय करता आली तर फारच उत्तम, कारण त्या पाण्यात थोडे तेल विरघळलेले असते आणि तेही पुन्हा हाती लागते. त्यासाठी विभाजक डेगीतील पाण्याच्या पातळीपेक्षा निदान एक मीटर उंच असावा आणि परतीच्या नळीला यू आकाराचा बाक असावा, म्हणजे त्या बाकात पाणी साचून राहते आणि वाफ उलटी विभाजकात शिरत नाही. ही सोय खेपेच्या पहिल्या मिनिटापासून चालू ठेवायची असते. तळ कोरडा पडल्याची शंका आल्यावर वरून पाणी ओतणे ही या कामातील सर्वांत घातक चूक आहे. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १६०० लिटर जागा व्यापते आणि तापलेल्या तळावर ती क्षणार्धात तयार होते.

वाळलेले गवत भरण्यापूर्वी मोकळे पसरून त्यावर दहा-पंधरा लिटर पाणी शिंपडावे आणि ते अर्धा तास मुरू द्यावे. एवढ्यानेच खेप छोटी होते. गवत भरताना मध्यभागी सैल आणि कडेला घट्ट असे भरू नये, नाहीतर वाफ सैल जागेतून वाट काढून निघून जाते आणि बाकीचे गवत कोरेच राहते. ताजे गवत मात्र उन्हात वाळवू नये; एखादा दिवस सावलीत कोमेजू दिले तर चालते.

आच आणि थंड पाणी

तेल काढून झालेले गवत वाळवून तेच पुढच्या खेपेला जाळण्याची पद्धत योग्य आणि काटकसरीची आहे, परंतु गवताची ज्वाळा लाकडापेक्षा लांब असते. ती डेगीच्या तळाला वळसा घालून बाजूंवर चढते, आणि पाण्याच्या पातळीच्या वर पत्रा तापला की त्याला टेकलेले गवत आतून करपते. सगळ्या बाटल्यांना सारखा वास येण्याचे कारण हेच असते. डेगीभोवती विटा आणि मातीचा असा कट्टा बांधावा की ज्वाळेचा स्पर्श तळापासून जास्तीत जास्त ५ सेंटिमीटरपर्यंतच होईल, कारण पाण्याची पातळी शेवटी तिथवर उतरणार असते.

आच वाढवण्याचा मोह होतो तो बहुधा तेल कमी दिसू लागल्यामुळे, आणि तेल कमी दिसते ते पुष्कळदा नळी थंड न राहिल्यामुळे. एक लिटर पाण्याच्या वाफेचे नुसते पुन्हा पाणी करायला, थंड करणारे पाणी ३० अंशांनी तापू द्यायचे ठरवले, तर सुमारे १८ लिटर पाणी लागते. तासाला १५ लिटरचा ओघ असेल तर ही गरज २७० लिटरची होते. अनेक ठिकाणी मात्र नळी २०० लिटरच्या एका पिंपात बुडवून ठेवलेली असते आणि ते पाणी दिवसभर बदलले जात नाही. असे पिंप तासाभरात सुमारे ४० अंशांनी तापते. त्यानंतर बाहेर पडणारे पाणी कढत असते, तेलाचा काही भाग वाफेबरोबर हवेत जातो, काही गरम पाण्यात विरघळून जातो, विभाजकात तवंग पातळ दिसतो, आणि भट्टीवरचा माणूस आणखी लाकूड सारतो. अशा रीतीने उणीव थंड पाण्याची असते आणि शिक्षा तळाला होते. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात सहज धरता आला पाहिजे, म्हणजे ते ४० अंशांच्या आत आहे असे समजावे. ओढ्याकाठी भट्टी लावण्याची जुनी रीत याच कारणासाठी होती. आज ओढा आटल्यावरही भट्टी त्याच जागी ठेवली जाते, हे मला नेहमी विचित्र वाटते.

दाब : इथे घाई नको

उघड्या नळीच्या डेगीत दाब नसतो असा समज आहे, आणि सर्व काही सुरळीत असते तेव्हा तो खराही असतो. नळीच्या तोंडाशी गवताच्या काड्या अडकल्या की तो खोटा ठरतो. ८० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ५००० चौरस सेंटिमीटर असते. आत प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर केवळ ०.१ किलो इतका दाब वाढला, तरी झाकणाला वर ढकलणारे बल ५०० किलो वजनाएवढे होते. सायकलच्या चाकात असतो त्याच्या अंशाइतका हा दाब आहे, पण झाकण उडवून भट्टीवरच्या माणसाला कायमचे अधू करायला तो पुरतो.

झाकणाच्या फटी कणकेने लिंपण्याची परंपरा या दृष्टीने शहाणपणाची आहे, कारण दाब वाढला की सर्वांत आधी कणीक फाटते आणि वाफ बाजूने निसटते. कनौजला अत्तराच्या तांब्याच्या डेगींची झाकणेही माती आणि कापूस वापरून बंद केली जातात. कणीक गळते म्हणून झाकणावर दगड ठेवणे, तार आवळणे किंवा चारी बाजूंनी बोल्ट मारणे हे त्या शहाणपणाला निकामी करणे आहे. गळती होत असेल तर ती का होते ते शोधावे. झाकण वाकलेले असेल किंवा नळीत अडथळा असेल.

याखेरीज झाकणाला निदान २५ मिलिमीटर रुंद अशी एक वेगळी नळी जोडावी, तिला यू आकाराचा बाक द्यावा आणि त्या बाकात ३० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहील अशी योजना करावी. दाब ०.०३ किलोच्या पुढे गेला की ते पाणी उडून वाफेला वाट मोकळी होते. तिचे तोंड जमिनीकडे आणि माणसांच्या वावरापासून दूर वळवलेले असावे. मुख्य नळीच्या तोंडाशी आतून जाळीचा तुकडा बसवावा, या आकाराच्या डेगीला नळी ५ सेंटिमीटरपेक्षा अरुंद नसावी, आणि डेग व विभाजक यांच्यामध्ये कोठेही कॉक किंवा झडप बसवू नये. नळीचे शेवटचे टोक विभाजकातील पाण्यात बुडवूनही ठेवू नये, कारण आच काढल्यावर डेग थंड होताना ती ते पाणी आणि तेल उलटे ओढून घेते.

आता पुन्हा त्या बादलीकडे येऊ. आच चालू असताना बाहेर येणारे पाणी अचानक कमी झाले किंवा थांबले, तर पाणी संपले आहे किंवा वाट बंद झाली आहे. दोन्ही प्रसंगी पहिली कृती एकच असते. जळती लाकडे ताबडतोब ओढून बाहेर काढावीत, सर्वांनी झाकणापासून दूर व्हावे आणि झाकणाला हात लावू नये. त्यानंतर दुरूनच झाकणाच्या यू नळीकडे पाहावे. तिच्यातील पाणी एका बाजूला ढकलले गेले असेल किंवा उडून गेले असेल, तर वाट बंद आहे; पाणी दोन्ही बाजूंना समपातळीत असेल, तर बहुधा तळ कोरडा पडला आहे. कोणत्याही परिस्थितीत डेगीची बाजू हाताने स्पर्श करण्याइतकी निवेपर्यंत ती उघडू नये. नेहमीच्या खेपेनंतरही अर्धा तास थांबून झाकण आपल्यापासून पलीकडच्या दिशेने तिरके उचलावे. वाफेने भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा आणि दवाखाना गाठावा. टूथपेस्ट, हळद किंवा ते रोशाचे तेलच चोळण्याचा सल्ला हमखास कोणीतरी देते, तो ऐकू नये.

विभाजक आणि तेलाच्या बाटल्या आचेपासून काही मीटर दूर, आणि वारा आचेकडून येणार नाही अशा बाजूला असाव्यात. तेथे विडी ओढू देऊ नये. पेटलेल्या तेलावर पाणी न ओतता वाळू टाकावी. थंडी वाजते म्हणून भट्टीला चारी बाजूंनी ताडपत्री लावली जाते, तेही टाळावे, कारण धुमसणाऱ्या लाकडातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शुद्ध तेल उघड्या हाताने हाताळू नये. त्यातील तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जिरॅनिऑल या सुगंधी द्रव्याचा असतो आणि काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते. ते पोटात घेण्याचे औषध नाही.

डेग नवी घ्यायची असल्यास स्टेनलेस स्टीलची घ्यावी. लोखंडाच्या गंजाने तेल काळवंडते आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा या कामाला योग्य नाही. जुनी तांब्याची डेग घेताना सांधे शिशाच्या डागाचे नाहीत आणि कल्हई शुद्ध कथलाची आहे, याची खात्री करून घ्यावी.

करपलेले तेल आणि गवताबद्दल एक शंका

करपट झालेले तेल स्वच्छ पाण्याबरोबर पुन्हा एकदा डेगीतून काढले, तर रंग बराच उजळतो आणि वास काही प्रमाणात कमी होतो, पूर्णपणे जात नाही. ते वेगळे ठेवावे आणि साबणासाठी कमी भावाने द्यावे. चांगल्या तेलात थोडे थोडे मिसळून खपवण्याचा विचार करू नये. व्यापाऱ्याचे नाक आपल्यापेक्षा तयार असते. एके काळी हेच तेल ‘तुर्की जिरेनियम’ या नावाने पश्चिमेकडे जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई, तेव्हा या व्यवसायात मिसळ ओळखण्याची सवय फार जुनी आहे.

बादलीचा हिशेब बरोबर असून, आच तळापुरतीच असून आणि बाहेरचे पाणी थंड असूनही वास गुलाबाकडे न झुकता अद्रकासारखा, तिखट येत असेल, तर तो करपट वास नव्हे आणि दोष भट्टीचा नव्हे. रोशाच्या दोन जाती आहेत. मोतिया नावाची जात डोंगरउतारावरील निचऱ्याच्या जमिनीत सुट्या सुट्या ठोंबांनी वाढते आणि तिची पाने खोडापासून जवळजवळ काटकोनात पसरतात. सोफिया जात ओलसर, सखल जागी दाट वाढते, तिची पाने खोडाशी अरुंद कोन करतात, आणि तिचे तेल बाजारात जिंजरग्रास या वेगळ्या नावाने, कमी भावाने विकले जाते. नोव्हेंबरात उतारावरचे गवत संपत आले की कापणारे हात आपोआप खाली ओहोळाकडे वळतात आणि दोन्ही गवतांच्या पेंढ्या एकाच डेगीत जातात. म्हणून पेंढी बांधतानाच उतारावरची आणि ओहोळाकाठची वेगळी बांधावी, आणि पाटीवर पाण्याच्या आकड्याशेजारी त्या खेपेचे गवत कुठले होते तेही लिहावे.